इकडून उचलायचे, तिकडे ठेवायचे

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी कुठल्याही एका सॉफ्टवेअरमध्ये तयार होत नाही. गावात पंचनामा होतो. तलाठी, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी, एक्सेलमध्ये नावे भरतो. तहसीलमध्ये सगळ्या गावांच्या याद्या एकत्र होतात. जिल्ह्याला पाठवायचा गोषवारा वर्डमध्ये टाइप होतो, बैठकीत तोच पॉवरपॉइंटवर झळकतो आणि शेवटी पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरतो. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातूरमध्ये १०. एका शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि खाते क्रमांक एवढी माहिती पाच-सहा वेळा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात उचलून ठेवली जाते, आणि घोळ होतात ते बहुतेक या उचलाउचलीतच. शेतकरी चकरा मारतो, बँक म्हणते खाते जुळत नाही, तहसील म्हणते आम्ही बरोबर पाठवले होते. बऱ्याचदा दोघांचेही खरे असते. बिघाड मधल्या वाटेवर झालेला असतो.

ही वाट कशी असते, तिच्यात काय गळते आणि काय नको ते सोबत येते, हे या प्रकरणात पाहू.

कात्री आणि गोंद

कट, कॉपी, पेस्ट हे शब्द संगणकाने छापखान्यातून घेतले. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘जिप्सी’ नावाचा लेखन-प्रोग्राम केला. तो झेरॉक्सच्याच मालकीच्या गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेतल्या संपादकांसाठी होता. संपादक मजकूर कात्रीने कापत आणि गोंदाने दुसऱ्या जागी चिकटवत. टेस्लर आणि मॉट यांनी तेच पडद्यावर आणले. आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही संगणकावर पाने लागण्याआधी ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवण्याचे काम चाले. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी ही सोय घराघरात नेली. २०२० मध्ये टेस्लर वारले, तेव्हा जगभरच्या बातम्यांत त्यांची ओळख ‘कट-कॉपी-पेस्ट’वाले अशीच दिली गेली.

कागदाचा तुकडा कापला की तोच तुकडा दुसरीकडे चिकटतो. संगणकात तसे होत नाही, आणि सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

एक्सेलमधले चार रकाने निवडून आपण कॉपी करतो, तेव्हा क्लिपबोर्डवर एक वस्तू जात नाही. एकाच वस्तूची अनेक रूपे हजर होतात. साधा मजकूर, वेबपानाच्या पद्धतीचा तक्ता, फॉन्ट-रंगांसह मजकूर, चित्र, एक्सेलचे स्वतःचे रूप आणि मूळ फाईलचा पत्ता अशी ही रांग असते. पेस्ट करताना घेणारे सॉफ्टवेअर यातले आपल्याला समजणारे रूप उचलते. नोटपॅडला फक्त साधा मजकूर कळतो, म्हणून रेघा गायब होतात. पेंट चित्र उचलते. वर्ड तक्ता उचलतो. देणारा एकच, वस्तू एकच. घेणारा बदलला की हाती येणारे रूप बदलते.

आणखी एक गंमत आहे. ही सगळी रूपे कॉपी करताक्षणी तयार असतातच असे नाही. ‘मागाल तेव्हा देतो’ एवढेच आश्वासन देणारे सॉफ्टवेअर देऊन ठेवते. म्हणूनच मोठी यादी कॉपी करून एक्सेल बंद करायला गेलात, तर ‘क्लिपबोर्डवर बरीच माहिती आहे, ती ठेवायची का?’ असे ते विचारते. बंद होण्यापूर्वी दिलेले आश्वासन पुरे करायचे की सोडून द्यायचे, असा तो प्रश्न असतो.

कोणते रूप हवे हे आपण सांगितले नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवते. सांगण्याची जागा म्हणजे ‘पेस्ट स्पेशल’. वर्ड आणि एक्सेलमध्ये कंट्रोल, आल्ट आणि व्ही एकदम दाबले की ती यादी समोर येते. कार्यालयात रोज शेकडो वेळा पेस्ट करणारी माणसेही ही यादी क्वचितच उघडतात.

सोबत आणि संदर्भ

सरकारी पत्राच्या वरच्या भागात ‘संदर्भ’ असतो आणि खाली ‘सोबत’. संदर्भात फक्त पत्राचा क्रमांक आणि तारीख. मूळ पत्र दुसऱ्या फाईलमध्ये. ‘सोबत’ म्हणजे कागदच जोडलेला. एका सॉफ्टवेअरमधली वस्तू दुसऱ्यात ठेवण्याच्या दोन मुख्य पद्धती नेमक्या याच आहेत. एम्बेड केले की वस्तू सोबत जाते, लिंक केले की फक्त संदर्भ जातो.

मायक्रोसॉफ्टने या व्यवस्थेला ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग, थोडक्यात ओएलई, असे नाव दिले. तिच्याआधी १९८७ च्या विंडोज २ मध्ये दोन प्रोग्राम एकमेकांशी माहितीची देवघेव करू शकतील अशी डीडीई नावाची साधी सोय होती. १९९२ च्या विंडोज ३.१ सोबत ओएलई सर्वत्र पोचले आणि पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती आली. वर्डच्या पानातल्या तक्त्यावर दोनदा क्लिक केले की तिथेच एक्सेलची बटणे उघडतात, ती या व्यवस्थेमुळे.

ओएलईचा रोजचा वापर पाहायचा तर लातूरच्या प्रश्नपत्रिकेसारखे उदाहरण नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात तिथे जे रुजले, ते पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. हेच वाघमारे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सततच्या सराव परीक्षा हा या पॅटर्नचा कणा. सराव परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका, आणि भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका म्हणजे मजकूर, समीकरणे आणि आकृत्या यांची एकाच पानावरची मोट. मजकूर वर्डमध्ये, समीकरण मॅथटाइपमध्ये, आकृती कोरलड्रॉमध्ये, रेणूची रचना आणखी कशात तरी. वर्डच्या पानावर दिसणारे मॅथटाइपचे प्रत्येक समीकरण ही एक एम्बेड केलेली वस्तू असते. वर दिसते ते तिचे चित्र, आत असते ते समीकरण.

२०१८ च्या जानेवारीत याची एक बाजू उघडी पडली. वर्डमध्ये वर्षानुवर्षे असलेला जुना ‘इक्वेशन एडिटर’ मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या त्रुटीमुळे काढून टाकला. तो मॅथटाइपचीच लहान आवृत्ती होता. जुन्या प्रश्नपत्रिकांतली समीकरणे दिसत राहिली, कारण चित्र फाईलमध्येच होते. पण त्यात वर्गमूळाखालचा एक आकडा बदलायचा म्हटला तर बदलेना, कारण ते उघडणारा प्रोग्रामच जागेवर नव्हता. ‘सोबत’ जोडलेला कागद वाचता यावा, तर तो वाचणारा माणूसही शिल्लक असावा लागतो.

एम्बेडचा दुसरा धोका गुपचूप चालतो. एक्सेलमधला एक आलेख वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये कार्यपुस्तिकेसह पेस्ट केला, तर आलेखाबरोबर अख्खी एक्सेल फाईल आत जाते. इतर पानांवरचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, पगारपत्रक, सगळे. पडद्यावर फक्त तालुकानिहाय पावसाचा आलेख दिसतो आणि दोनदा क्लिक करणाऱ्याला पूर्ण लाभार्थी यादी मिळते. फाईल बाहेर पाठवायची असेल, तर आलेख चित्र म्हणूनच पेस्ट करावा.

लिंकचे दुखणे उलटे आहे. मूळ एक्सेलमध्ये आकडा बदलला की अहवालातही बदलतो, हा तिचा गुण. पण लिंक म्हणजे ‘अमुक संगणकावरच्या अमुक ड्राइव्हमधली अमुक फाईल’ एवढा पत्ता. देवणीहून पेन ड्राइव्हवर फक्त वर्डची फाईल लातूरला आणली की लिंक तुटते आणि अहवालात जुनेच आकडे राहतात. फाईल उघडताना ‘लिंक अद्ययावत करायच्या का?’ असा प्रश्न येतो, त्यावर डोळे झाकून ‘हो’ म्हणू नये. याच वाटेने घातक आज्ञा आत शिरवता येतात हे २०१७ मध्ये दिसून आले, आणि वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टने वर्डमधली डीडीईची आपोआप चालणारी सोय बंद केली.

साधा नियम असा: आकडे रोज बदलणार असतील आणि दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये राहणार असतील तर लिंक, फाईल एकटी प्रवास करणार असेल आणि पुढच्या माणसाला ती दुरुस्त करायची असेल तर एम्बेड, नुसती दाखवायची असेल तर चित्र.

अक्षरे बदलतात तेव्हा

इंग्रजीत काम करणाऱ्याला कॉपी-पेस्टमध्ये फार तर फॉन्टचा त्रास होतो. मराठीत अक्षरेच बदलत. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव, शिवाजी हे फॉन्ट ज्या काळात आले, तेव्हा त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फक्त अंगावर मराठीचा सदरा. पेस्ट करताना फॉन्ट सुटला की सदरा निघतो आणि खालची अर्थहीन रोमन अक्षरे उघडी पडतात. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर सुरेखमध्येही वाचता येत नाही.

खरे तर भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ठरवले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही देवनागरी घेऊन आली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तो फॉन्टवर अवलंबून नसतो. पण छपाईच्या दुकानातली जुनी घडी लगेच मोडली नाही. आजही गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोड मजकूर पाठवते आणि फ्लेक्सवाला तो कन्व्हर्टरमधून काढून कोरलड्रॉतल्या जुन्या फॉन्टमध्ये नेतो, कारण त्याला हवे ते वळणदार अक्षर त्या फॉन्टमध्येच असते. मजकुरात एखादा इंग्रजी शब्द असेल, तर उलट्या रूपांतरात कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून त्याचे काहीतरी भलतेच करून ठेवतो.

नांदेडच्या फ्लेक्सवाल्यापुढे तर आणखी लिप्या असतात. तख्त सचखंड श्री हजूर साहिब या शहरात असल्याने गुरुमुखी लागते. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुता गद्दीला ३०० वर्षे झाली, तेव्हा त्या सोहळ्यासाठी देशभरातून भाविक इथे आले. शहरात उर्दू वाचणारे मोठ्या संख्येने आहेत, आणि धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू ऐकू येते. उर्दू मजकूर अनेक ठिकाणी इनपेज या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होतो आणि ईपीएस फाईल होऊन कोरलड्रॉमध्ये येतो. येतो तो मात्र अक्षर म्हणून नव्हे, रेषा म्हणून. छपाईवाल्यांची ‘फाईल कर्व्ह करून द्या’ ही मागणीही तशीच. कर्व्ह केले की फॉन्ट नसलेल्या संगणकावरही अक्षर हलत नाही. पण नावातली चूक नंतर लक्षात आली तर मूळ सॉफ्टवेअरकडेच परतावे लागते. हलू नये हा कर्व्हचा फायदा, आणि बदलता येऊ नये हा त्याचाच तोटा.

पीडीएफचे नाते या कर्व्हशी जवळचे आहे. पीडीएफ कोणत्या जागी कोणते चिन्ह उमटवायचे हे सांभाळते. त्या चिन्हामागचे अक्षर कोणते याची नोंद नीट असेलच असे नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून अशा पीडीएफमधून कॉपी केल्यावर वेलांटी क-च्या आधी येऊन पडते आणि जोडाक्षरे विस्कटतात. शासन निर्णयातला परिच्छेद उचलून पत्रात टाकायचा असेल, तर तो मूळ कागदाशी अक्षर अक्षर ताडून पाहावा लागतो, तो यामुळे.

सोळा तालुके, एक तक्ता

आता युनिकोड आले, एक्सेल आले, तरी याद्या जोडताना खोळंबा होतोच. ‘शिरूर अनंतपाळ’ घ्या. एका यादीत ‘शिरूर’, दुसरीत ‘शिरुर’. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला एकात दीर्घ उकार, क्रमांक ०९४२, आणि दुसऱ्यात ऱ्हस्व, क्रमांक ०९४१. दोन याद्यांतली नावे जुळवणारे एक्सेलचे व्हीलुकअप हे सूत्र ‘सापडले नाही’ म्हणून मोकळे होते.

निदान हा फरक डोळ्यांना दिसतो. न दिसणारे फरक जास्त छळतात. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होऊ शकते: ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ वापरून, किंवा साधे ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर, कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. जुळणी मात्र शून्य. वकिलांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’चेही तेच. ‘ॲ’साठी ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्याआधीच्या फाईलींत ‘अ’वर चंद्र देऊन तेच अक्षर बनवलेले असते. एकाच माणसाची दोन याद्यांतली नावे सारखी दिसूनही जुळत नसतील, तर तो भाग खोडून दोन्हीकडे एकाच पद्धतीने टाइप करून पाहावा.

खरा उपाय म्हणजे नावांवर याद्या जोडायच्याच नाहीत. शिरूर पुणे जिल्ह्यातही आहे आणि बीडमध्ये शिरूर कासार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांना नंदुरबारचा ४९७ ते सांगलीचा ५३१ असे सलग क्रमांक होते. त्यात नांदेड ५११ आणि लातूर ५२४. गावांनाही असेच सांकेतांक आहेत. यादीत गावाच्या नावाशेजारी सांकेतांकाचा एक रकाना असेल, तर उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ याने काही अडत नाही.

आकड्यांचे घोळ निराळे. १२ आकडी आधार क्रमांक एक्सेलमध्ये साधा टाइप केला की तो दशांश आणि घातांकाच्या रूपात आखडून दिसतो. आत पूर्ण क्रमांक असतो, पण ती फाईल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली तर दिसते तेवढेच लिहिले जाते आणि उरलेले आकडे कायमचे जातात. एक्सेल १५ पेक्षा जास्त आकडे अचूक धरत नाही. १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. सुरुवातीची शून्येही गळतात. तारखांचा खेळ त्याहून फसवा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर ०५/०६ ही पाच जूनची तारीख सहा मे होते, आणि १३/०६ मात्र तेरावा महिना नसल्याने मजकूर म्हणून जशीच्या तशी राहते. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा उलटतात, अर्ध्या तशाच राहतात.

हा त्रास फक्त आपल्याच कार्यालयांना आहे असे नाही. काही मानवी जनुकांची नावे मार्च, सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी संक्षेपांसारखी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा त्यांना ते सोपे वाटले. आपल्याला एवढे करायची गरज नाही. क्रमांकाचे रकाने माहिती भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत. नंतर केले तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

सोळा तालुक्यांच्या फाईली हाताने एकाखाली एक चिकटवण्याचीही गरज नाही. एक्सेल २०१६ पासून ‘डेटा’ या टॅबमध्ये ‘फ्रॉम फोल्डर’ ही सोय आहे. सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये ठेवल्या की ती त्यांचा एक तक्ता करते, आणि एखाद्या तालुक्याने सुधारित यादी पाठवली तर जुनी फाईल बदलून ‘रिफ्रेश’ दाबले की पुरते. अटी तीन. रकान्यांची नावे सगळीकडे एकच हवीत. मुखेडने ‘गावाचे नाव’ आणि कंधारने नुसते ‘गाव’ लिहिले तर एकाचा रकाना रिकामा राहील. दिसायला छान म्हणून ‘मर्ज अँड सेंटर’ केलेली शीर्षके नकोत. आणि तळाची ‘एकूण’ ही ओळ नको, कारण ती राहिली की प्रत्येक तालुक्याची बेरीज यादीतल्या रकमांसोबत पुन्हा मोजली जाते आणि जिल्ह्याचा आकडा बरोबर दुप्पट होतो.

पत्र एक, नावे हजार

एमएस-सीआयटी केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मेल मर्ज एकदा तरी शिकलेले असते. वर्डमध्ये पत्राचा साचा, एक्सेलमध्ये नावे, आणि दोन्ही जोडले की हजार नोटिसा तयार. सोसायटीच्या सभेची नोटीस असो की थकबाकीचे पत्र, काम तासाभराचे.

फसगत होते ती तारीख आणि रकमेत. एक्सेलमध्ये ७५,००० असे नीट दिसते, वर्डमध्ये येताना स्वल्पविराम जातो. तारीख अमेरिकी क्रमाने येते. कारण वर्ड एक्सेलचे दिसणारे रूप घेत नाही, आतला कच्चा आकडा घेतो. यावर कार्यालयांत चालणारा खात्रीचा उपाय म्हणजे एक्सेलमध्येच एक जादा रकाना घेऊन ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारीख आणि रक्कम हवी तशी मजकुरात बदलून घ्यायची, आणि पत्रात तो रकाना जोडायचा. मग छपाईला देण्यापूर्वी पहिले, मधले आणि शेवटचे अशी तीन पत्रे वाचायची.

इथपर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. डोळ्यांना दिसणारे रूप आणि आतली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना यांपैकी एकच नीट पोचते. मेल मर्जमध्ये माहिती पोचते, रूप सुटते. कर्व्ह आणि पीडीएफमध्ये रूप पोचते, माहिती सुटते. जुन्या फॉन्टमध्ये तर सगळा भरवसा रूपावरच होता. म्हणून कॉपी करण्यापूर्वी ठरवायचे ते एवढेच: पुढच्या माणसाला हे नुसते पाहायचे आहे, की यावर काम करायचे आहे? पाहायचे असेल तर पीडीएफ पाठवा. काम करायचे असेल तर मूळ फाईल पाठवा, युनिकोडमध्ये, सांकेतांकासह. तालुक्याने यादीचा फोटो पाठवला, की जिल्ह्यात कोणीतरी ती पुन्हा टाइप करत बसतो, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या खाते क्रमांकातला आकडा तिथेच बदलतो.